आग लागो त्या ८४ गुणांना

१४ महिने. १४ महिने रोज सकाळी चहाचा कप ओठाला लागायच्या आत ह्यांचा मोबाइल, मनगटावरच्या पट्ट्याने दिलेले झोपेचे गुण दाखवत, माझ्या तोंडासमोर यायचा. "हे बघ, ८४! झोप उत्तम. आणि तू म्हणतेस माझा श्वास थांबतो. तुझं आपलं काहीतरीच."

काहीतरीच? रात्रभर जागी मी होते! ह्यांचं घोरणं चालू असेपर्यंत माझा डोळा तरी लागायचा. ते थांबलं की मी टक्क जागी. छाती-पोट आतल्या आत ओढलं जातंय, पण नाकातोंडातून हवाच नाही. अंधारात मी आकडे मोजायचे. पंधरा, वीस, बावीस. एकदा चौतीसपर्यंत गेले आणि गदागदा हलवून उठवलं, तर वर माझ्यावरच चिडचिड. नाहीतर मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा एक मोठा आचका, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. सकाळी ह्यांना यातलं काही आठवायचं नाही आणि तो मनगटावरचा पट्टा म्हणायचा, ८४.

माझं डोकं फिरतं ते यानेच. शेजारी झोपणारी बायको डोळ्यांनी बघून सांगतेय ते खोटं, आणि साडेतीन हजारांचा पट्टा सांगतो ते खरं! सासूबाई म्हणायच्या, "अगं, दमून येतो, गाढ झोपतो, म्हणून घोरतो. ह्याचे बाबाही असेच घोरायचे." ह्याचे बाबा ५८व्या वर्षी झोपेतच गेले. कशाने गेले ते मला माहीत नाही, पण ते वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

आणि लक्षणं काय लपून होती? सकाळी उठल्यापासून डोकं जड. रात्री तीनदा लघवीला उठणं. बीपीची एक गोळी होती तिच्या दोन झाल्या. लोकलमध्ये अशी झोप लागायची की डोंबिवलीला उतरायचं सोडून दोनदा बदलापूरला पोचले. "आठ तास झोपतो तरी थकवा कसा जात नाही" असं स्वतःच म्हणायचे, आणि पुन्हा त्या ॲपमध्ये बघून समाधान करून घ्यायचे.

तो पट्टा करतो काय हे मी नंतर वाचलं आणि आणखी भडकले. हिरव्या उजेडाने नाडी मोजायची, हात हलतोय का ते बघायचं, आणि त्यावरून झोपेचा अंदाज बांधायचा. मेंदू झोपलाय की नाही हे त्याला कळत नाही. नाकातून हवा जातेय का, हेही कळत नाही. आमचा पट्टा रात्रीतून अधूनमधून ऑक्सिजन मोजायचा आणि सकाळी सरासरी दाखवायचा, ९५. अरे, श्वास अडला की ऑक्सिजन खाली जातो आणि आचका आला की वर येतो! त्या खड्ड्यांची सरासरी काढून काय उपयोग? कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलंय म्हणे, वैद्यकीय वापरासाठी नाही. मग 'उत्तम' असं ठळक हिरव्या अक्षरांत कोणाच्या भरवशावर लिहिता? बारीक अक्षरं कोण वाचतं, तो आकडाच सगळे बघतात!

सगळी घड्याळं कुचकामी आहेत असं मी म्हणत नाही. २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, आधी सॅमसंगच्या आणि मग ॲपलच्या घड्याळातल्या स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराच्या, सूचनेला परवानगी दिली. एकट्या राहणाऱ्या माणसाला तिचा नक्की उपयोग आहे. पण त्या दोन्ही सूचना मध्यम ते तीव्र आजाराची शक्यता दाखवण्यापुरत्याच आहेत, निदान त्यातून होत नाही. आणि सूचना आली नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ तर काढायचाच नाही. आमच्या पट्ट्यात असली सूचना नव्हतीच. होते ते फक्त गुण.

शेवटी एका रात्री मी फोनवर चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, आवाजासकट. ह्यांना न विचारता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मिनिटभर बघितला, टेप घेऊन गळ्याचा घेर मोजला, ४३ सेंटिमीटर, आणि लगेच स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, लिहून दिली. डोक्याला तारा, नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. रिपोर्ट आला, एएचआय ४१. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. ५च्या आत असला तर ठीक, ३०च्या वर गेला की तीव्र. ऑक्सिजन ७४पर्यंत उतरला होता. ७४! कोविडमध्ये ९० दिसलं तरी आपण बेड शोधत धावत होतो. आणि त्या रात्रीसुद्धा पट्टा ह्यांच्या हातावर होता. त्याने ८१ दिले.

रिपोर्ट वाचून हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, बोलले असते तर रडले असते.

सीपॅप मशीन लागून आता तीन आठवडे झाले. मास्कमधून हवेचा दाब येतो, घसा उघडा राहतो, घोरणं बंद झालंय. पहिल्या रात्री एकदम शांत झालं म्हणून मी दचकून उठले आणि ह्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. अजूनही रोज उठते, हात ठेवून बघते.