चौथ्या सीटवरून युरोप

परदेश फिरायचं स्वप्न पाहायला जळगावसारखी जागा नाही. पुण्यामुंबईच्या पोरांचं स्वप्न कच्चं असतं. त्यांना लोकल आहे, मेट्रो आहे, त्यामुळे झुरिकच्या ट्रॅमचा व्हिडिओ पाहून त्यांचा ऊर काही भरून येत नाही. तुमचा येतो. साडेचार लाखांवर वस्तीच्या शहरात रोज शेअर रिक्षाने कॉलेजला जाणाऱ्याचंच हे भाग्य. ते वाया जाऊ नये म्हणून एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला सांगायच्या या चार समजुतीच्या गोष्टी.

आधी जागा नीट निवडा. कायद्याने रिक्षात तीन प्रवासी बसतात, आणि कायद्यात बसणाऱ्या माणसाला जग दिसत नाही. तुम्ही पुढे बसा, ड्रायव्हरच्या शेजारी, एका मांडीवर. उरलेली मांडी बाहेर, हायवेच्या स्वाधीन. एका हाताने त्याच्या पाठीमागची दांडी धरा, दुसऱ्या हातात मोबाइल. आकाशवाणी चौकात ब्रेक लागला की तुमचं कपाळ काचेवर आपटतं आणि त्याच क्षणी मोबाइलमधली ट्रॅम अलगद स्टॉपवर थांबते. असा योग मागच्या सीटवाल्याच्या नशिबी नाही. पुढे प्रभात चौकात कोणीतरी हात करतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘सरका ना भो जरासं, एक माणूस बसून जाईन.’ सरका. तिकडे दोन अनोळखी माणसांत हातभर अंतर ठेवायची पद्धत आहे म्हणतात. इथे तेवढ्या अंतरात दोन माणसं आणि एक भाजीची पिशवी बसते.

दुसरं, वेळेचा नाद सोडा. रिक्षा कधी सुटते? भरली की. इतकं सोपं वेळापत्रक जगात कुठे छापलेलं नाही. जपानमध्ये बघा काय हाल आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मिनामी-नागारेयामा स्टेशनातून त्सुकुबा एक्स्प्रेस ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती ४४ मिनिटं २० सेकंदांनीच सुटली. वीस सेकंद आधी! कंपनीने जाहीर माफी मागितली. गाडी उशिरा आली तर तिथे स्टेशनवर उशिराचा दाखलासुद्धा मिळतो, आणि शाळेत, ऑफिसात तो चालतो. म्हणजे कारण शोधायची कलाच मेली. तुमची जिवंत आहे. ‘सर, गिरणेच्या पुलावर ट्रक बंद पडला होता’ हे वाक्य तुम्ही असं म्हणता की सरांना तो ट्रक दिसतो. फक्त दर सोमवारी तोच ट्रक बंद पाडू नका.

जर्मनीची तर फार चौकशीच करू नये. माहितीने स्वप्नाला वाळवी लागते. मे २०२३ मध्ये त्यांनी महिन्याला ४९ युरोचं एकच तिकीट काढलं, देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्रॅम सगळ्यांत चालणारं. इथवर ठीक आहे, इथवर वाचा आणि थांबा. पुढे वाचलंत तर कळेल की २०२५ मध्ये त्याचे ५८ युरो झाले. त्याहून पुढे गेलात तर कळेल की सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथल्या रेल्वेच्या हिशेबात उशीर धरतच नाहीत, आणि एवढी सूट घेऊनही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर होत्या. हे भुसावळ जंक्शनवर बसून वाचणाऱ्याला फार एकटं वाटतं. जायचं तर कुठे जायचं मग?

हेवाच करायचा असेल तर माणसांचा करू नका, केळ्यांचा करा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्हाला अजून ओळखपत्रावरचा फोटोसुद्धा धड मिळालेला नाही. रावेर-यावलकडचं केळं आखातात जायला निघालं की त्याला आधी आंघोळ घालतात, पुसतात, खोक्यात मऊ अस्तर देतात आणि थंड कंटेनरमध्ये बसवतात. आत साधारण १३ अंश तापमान. त्याहून गारठलं तर साल काळी पडते, म्हणून मशीन सतत लक्ष ठेवून असतं. इकडे मे महिन्यात तुम्ही पंचेचाळीस अंशांत खोटेनगरच्या स्टॉपवर, म्हणजे रिक्षावाले जिथे थांबतात आणि लोक ज्याला स्टॉप म्हणतात त्या उन्हात, रुमाल बांधून उभे असता. तुमची साल कोणत्या रंगाची झाली, हे बघायला कोणी मशीन लावलेलं नाही. शिवाय केळं एका खोक्यात किती मावतं ते ठरलेलं आहे. कोणी मध्येच हात केला म्हणून ‘सरका ना भो’ असं केळ्यांना कोणी म्हणत नाही.

व्हिसाचंही तसंच. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज करायचा तर जून २०२४ पासून फी ९० युरो, बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठायचं, आणि तुम्ही परत याल हे कागदांनी पटवून द्यायचं. केळ्याला कोणी विचारत नाही, परत येणार ना म्हणून.

आता फुकटाची गोष्ट. लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० रोजी देशभरातली बस, ट्रॅम, रेल्वे फुकट केली, फक्त पहिला वर्ग सोडून. हे ऐकून डोळ्यांत पाणी आणण्यापूर्वी घरात बघा. आजी पंच्याहत्तरी ओलांडली की एसटीत राज्यभर फुकट. आईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. तुम्हाला पासावर दोन तृतीयांश सूट. एका घरात तुमचं अख्खं लक्झेंबर्ग नांदतंय, आणि त्याची सर्वांत मोठी प्रवासी चोपड्याच्या लेकीकडे जाताना रुमाल टाकून खिडकी पकडते. पूर्ण तिकीट भरायची वेळ एकट्या वडिलांवर येते, आणि ते मोटारसायकलने जातात.

इथेच खरी शिकवण आहे, लक्ष द्या. लक्झेंबर्ग हा माणशी मोटारींच्या बाबतीत युरोपातल्या अगदी वरच्या देशांपैकी. सगळं फुकट झालं तरी लोकांनी गाड्या काही विकल्या नाहीत. म्हणजे आपले वडील आणि लक्झेंबर्गचा नागरिक यांच्यात विचारांचं अंतर काहीच नाही. हा वारसा तुम्ही पुढे न्या. पहिल्या पगाराची स्लिप हातात पडली की हप्त्यावर गाडी बुक करा. शोरूमबाहेर हार घालून फोटो काढा, आजीला हळदीकुंकू लावायला सांगा. त्या दिवसापासून रिक्षात चौथ्या सीटवर लटकणाऱ्याकडे बघून हॉर्न वाजवायचा हक्क तुमचा. पावसात साइड न देण्याचाही.

मग सावकाश परदेशी जा. तिकडे ट्रॅममध्ये उभं राहून व्हिडिओ काढा आणि खाली लिहा, ‘यांना म्हणतात सिस्टिम!’ तिथे स्टॉपपर्यंत पंधरा मिनिटं चालत जाल आणि त्याला फिटनेस म्हणाल. इकडे घरापासून डेपो पाच मिनिटांवर आहे, तिथे चालत जाणं म्हणजे नातेवाइकांत चर्चा. ‘गाडी विकली का काय?’ ही काळजी त्यांना खरीखुरी वाटते, त्यात कुचकेपणा नसतो. तेव्हा कोणाला काळजीत टाकू नका. एसटीत बसलात तरी खिडकीतून हात बाहेर काढून फोटो काढू नका. तो फोटो स्वित्झर्लंडमध्ये छान येतो.

तिकडच्या कोणी विचारलंच, तुमच्या शहरात बसची सोय कशी आहे, तर लाजायचं कारण नाही. सांगा, ‘आमच्याकडे लागतच नाही, प्रत्येकाच्या दारात गाडी आहे.’ ऐकणाऱ्याला आपण फार श्रीमंत देशातून आलो असं वाटेल. त्याला हायवे चौकातली संध्याकाळ समजावून सांगत बसू नका.

आणि महापालिकेची निवडणूक लागली, उमेदवार हात जोडून दारात आले, तर गटारीचं विचारा, पाण्याचं विचारा, दिव्यांचं विचारा. हवं तर गल्लीत काँक्रीट मागा. बसचा विषय तेवढा काढू नका. चुकून एखाद्याने मनावर घेतलं, सकाळी आठ बाराची बस खरोखरच आठ बाराला आली, तर पहिल्या तासाला तुम्हाला वर्गात बसावं लागेल.