बर्फाचं पातेलं, ओली चादर आणि कोकणातली रात्र

मे महिना लागला की आमच्याकडे येणारे पाहुणे दोन गोष्टी हमखास आणतात: आंबे न्यायला रिकाम्या पिशव्या आणि मोबाइलवर एक फॉरवर्ड. दापोलीच्या बाजूला समुद्राजवळ आमचं घर आहे, त्यातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. एसी एकीतही नाही आणि तसं बुकिंगच्या वेळीच सांगतो. ‘कोकणात एसीशिवाय गारेगार झोपा’ असं म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डात सहा उपाय आहेत. पंख्यासमोर बर्फाचं पातेलं ठेवा, खिडकीला ओली चादर लावा, समुद्राकडची खिडकी रात्रभर उघडी ठेवा, लिंबात लवंगा खोचा, डास पळवणारं ॲप लावा आणि दिवसा निश्चिंत राहा, कारण डास रात्रीच चावतात. यातलं एकही जसंच्या तसं इथे लागू पडत नाही.

बर्फापासून सुरुवात करते, कारण तो माझ्याच फ्रीजमधून जातो. एसीचा ‘टन’ हा मुळात बर्फाचा टन आहे. २४ तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी एक टनाचा एसी दिवसभरात खोलीबाहेर फेकतो. तासाला जवळजवळ ३८ किलो झाले. पातेल्यात मावतो दोन किलो, म्हणजे एसीचं जेमतेम तीन मिनिटांचं काम! मागच्या वर्षी एका काकांनी रात्री साडेदहाला सगळे ट्रे रिकामे करून नेले. सकाळी पातेल्यात कोमट पाणी होतं, लादीवर ओल आली होती आणि कोकम सरबताला बर्फ नव्हता. शिवाय तो बर्फ बनवताना फ्रीजने स्वयंपाकघर तापवलेलं असतं, ते वेगळंच.

ओल्या चादरीचा उपाय खोटा नाही, चुकीच्या गावाला आलाय. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाणी वाळता वाळता हवा २३ अंशांपर्यंत उतरू शकते. कूलर आणि वाळ्याचे पडदे तिकडे चालतात ते त्यामुळे. आमच्याकडे पारा ३३ला आणि आर्द्रता ७० टक्के. इथे कितीही पाणी शिंपडा, हवा साधारण २८च्या खाली जाऊच शकत नाही, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात चादर सकाळपर्यंत ओलीच राहते आणि खोली दमट होते. आपला त्रास उन्हाचा कमी, घाम न वाळण्याचा जास्त. तेव्हा चादर कोरडी ठेवा आणि स्वतः ओले व्हा. झोपण्याआधी अंगावर चार तांबे घ्या, नीट न पुसता पंख्याखाली बसा. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचं पाणी वाळवतो.

खिडकीच्या बाबतीत शाळेतला भूगोल आठवा. खारे वारे दिवसा समुद्राकडून येतात, मतलई वारे रात्री जमिनीकडून जातात. म्हणजे दुपारी मस्त वारा देणारी पश्चिमेची खिडकी रात्री अकराला मख्ख असते. तेव्हा वाडीकडची, पूर्वेची खिडकी उघडी हवी. (पावसाळी पश्चिमेचा वारा जोर धरू लागला की हे गणित बदलतं.) तिन्हीसांजेला मात्र डास आत शिरतात, म्हणून दोन्ही बंद ठेवा आणि तास-दीड तासाने उघडा.

आणि एक, सगळ्यांना समुद्र दिसणारी वरची खोली हवी असते. तिच्यावर स्लॅब आहे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. खालची खोली कौलारू, भिंती चिऱ्याच्या. कौलं लवकर निवतात, फटींतून गरम हवा निघून जाते. भाडंही कमी, तरी ती शेवटी जाते.

लवंगेचं तेल अंगाला लावलं तर डास थोडा वेळ लांब राहतात. लिंबात खोचलेल्या पाच-सहा लवंगांचा वास टेबलापुरताच असतो. ॲपबद्दल तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २००७च्या आढाव्याने निकाल दिलेला आहे: डास पळवायला बारीक आवाज काढणाऱ्या उपकरणांच्या १० प्रत्यक्ष चाचण्या तपासल्या, डास चावण्यात काहीही फरक नाही.

‘दिवसा निश्चिंत राहा’ मात्र धोक्याचं आहे. डेंग्यू पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी. दुपारी ओटीवर झोपलेलं लहान मूल त्याला आयतंच सापडतं. त्याला गटार लागत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी पुरतं. करवंटी, कुंडीखालची बशी, पोफळीची गळून पडलेली विरी (झावळीचा पसरट देठ), काहीही चालतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आमच्या सासूबाई दर रविवारी वाडीत फिरून विऱ्या उपड्या करतात.

बंद खोलीत कॉइल लावू नका, धुराने डासांआधी तुमचाच घसा बसतो. मच्छरदाणी घ्या, कडा गादीखाली खोचा आणि हात-पाय जाळीला टेकू देऊ नका, टेकलेल्या जागी डास जाळीतून चावतो. जाळी वारा अडवते हे खरं, म्हणून टेबलफॅन पायथ्याशी, जाळीच्या अगदी जवळ लावा. डासाचं वजन दोन-अडीच मिलिग्रॅम, उडण्याचा वेग माणसाच्या चालीहून कमी. त्या झोतात त्याला नीट उडताच येत नाही. उकाडा आणि डास, दोन्हींवर एकाच वेळी चालणारी वस्तू हीच, आणि फॉरवर्डात तिचं काम काय, तर बर्फावर वारा घालायचा!

बुकिंग करताना तीनच प्रश्न विचारा: खोलीवर स्लॅब आहे की कौलं, मच्छरदाणी मिळेल का आणि लाईट गेल्यावर पंखा चालतो का. वळवाच्या पावसात इथे लाईट जाते, हे आधीच सांगते. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे चालतात, मिक्सर नाही. तेवढा वेळ सोलकढी मागू नका.