हिरवळ पिवळी पडल्याच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार. मार्चमध्ये आमच्याकडून बसवून घेतलेली १,००० चौरस फूट कार्पेट लॉन दोन महिन्यांच्या आत पिवळी पडली, रोज दोन वेळा पाणी देऊनही ती सावरली नाही, आणि फोन केल्यावर "पाणी कमी करा" एवढेच तुटक उत्तर मिळाले, असे आपण लिहिले आहे. सांगलीच्या ऐन उन्हाळ्यात डोळ्यांदेखत हिरवळ जात असताना कारण न सांगता पाणी तोडायला सांगणे चुकीचेच होते, त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

रविवारी आपल्या अंगणात खुरप्याने दोन ठिकाणी उकरले, तेव्हा खाली चिखल होता, त्याला आंबूस वास येत होता आणि मुळे बोटाच्या एका पेरापेक्षा खोल गेलेली नव्हती. आपल्याकडची काळी जमीन पाणी सावकाश पिते आणि फार काळ धरून ठेवते. तिला वाफसा येऊ दिला नाही, म्हणजे जादा ओल ओसरून मातीत हवा खेळू दिली नाही, तर मुळांना हवा मिळत नाही, आणि अशी गुदमरलेली हिरवळ तहानलेल्या हिरवळीसारखीच पिवळी दिसत असल्यामुळे माणूस काळजीपोटी पुन्हा पाइप हातात घेतो.

यात आमचा दोष मोठा आहे. आम्ही दिलेल्या चिठ्ठीत "रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे" असे लिहिले होते. लाद्यांची, म्हणजे मातीसकट आणून बसवलेल्या गवताच्या तुकड्यांची, मुळे जमिनीत उतरेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे, हे ठीक असते. पुढे पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढवायचे असते, ते आम्ही लिहिलेच नाही. आपण चिठ्ठी तंतोतंत पाळली.

आपल्या नळाखाली २० लिटरची बादली एका मिनिटात भरली, म्हणजे रोजच्या तासाभरात १,२०० लिटर आणि आठवड्याला ८,४०० लिटर पाणी जात होते. रुजलेल्या हिरवळीला कडक उन्हाळ्यातही आठवड्याला साधारण २५ ते ३५ मिलिमीटर पाणी लागते, जे आपल्या अंगणासाठी सुमारे २,३०० ते ३,२०० लिटर होते. हे दोन किंवा तीन पाळ्यांत, पहाटे पाच ते सात या वेळेत द्यावे, आणि पाणी वर साचू लागले की नळ बंद करून अर्ध्या तासाने उरलेले द्यावे. संध्याकाळच्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहून बुरशी वाढते. दुपारच्या थेंबांनी पाती भाजतात असे आपण ऐकले होते. तसे होत नाही, मात्र बरेचसे पाणी उडून जाते. पुढची पाळी कधी, हे गवतच सांगते: त्यावर निळसर करडी झाक आली आणि चालल्यावर पाऊल उमटून राहिले, की पाणी द्यावे.

सध्या वरची दोन-तीन इंच माती सुकेपर्यंत नळ बंद ठेवावा, युरिया टाकू नये आणि कापणी दीड-दोन इंचांच्या खाली नेऊ नये. येत्या शनिवारी सकाळी मी माळ्यासह येईन. फाटकाजवळचे आणि तुळशीवृंदावनामागचे कुजलेले पट्टे काढून नव्या लाद्या बसवून देऊ, त्याचा माल आणि मजुरी आमच्याकडे. सुधारित चिठ्ठीही सोबत आणतो.