पोपटाचा डोळा

हातात भरलेलं पिस्तूल असलेल्या बाईच्या खांद्यावर थाप मारू नये, हे सांगायला लागावं? परवा मला थाप बसली. नळी मी टार्गेटकडेच धरून ठेवली होती म्हणून बरं. वर थाप मारणाराच म्हणतो, “दचकलात? मग कसं जमायचं!”

थाप मारणारे काका म्हणजे शेजारच्या लेनमधल्या पोराचे आजोबा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. मी नेमबाजी शिकते त्या रेंजवर पालकांसाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. काकांची खुर्ची वीत-वीत सरकत शेवटी माझ्या कोपराशी येते. नातवाला ते काही शिकवत नाहीत, कारण तो ऐकत नाही.

“मॅडम, पोपट! झाड नाही, फांदी नाही. फक्त डोळा बघायचा.”

“काका, सर म्हणतात टार्गेट धूसर दिसू दे, नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवर ठेवा.”

“म्हणजे द्रोणाचार्य चुकले?”

घ्या. आता मी पुण्यात, चारचौघांत, द्रोणाचार्य चुकले म्हणू? पण एअर पिस्तुलापुरतं बोलायचं तर हो, चुकले. (धनुष्यबाणाबद्दल माझी तक्रार नाही.) डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्वच्छ दिसतं. दहा मीटरवरचा कागद न्याहाळायला गेलं की हातातली फ्रंट साइट पुसट होते. ती मागच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर छर्रा कागदावर तीनेक सेंटिमीटर भरकटतो. दहाचं वर्तुळ अख्खं ११.५ मिलिमीटरचं. माझ्या लेनमध्ये अर्जुनाला सात पडला असता.

हे मी समजावून सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “डावा डोळा घट्ट मिटा.”

घट्ट मिटला की अख्खा चेहरा आखडतो, म्हणून तर लोक चष्म्याला पट्टी लावतात. “मग श्वास कोंडा.” फार कोंडला की आधी नजर जाते, मग हात थरथरतो. “मग टार्गेटमधलं काळं दिसलं रे दिसलं की खटका ओढा, फटकन!” यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. फटकन ओढला की नळीच हलते. ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा, आणि बार उडाल्यावरही हात तसाच धरून ठेवायचा.

“आणि तो खिशातला हात काढा. बागेत फिरायला आलात का?”

पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच खिशात हात घालून रौप्यपदक घेऊन गेला, तेव्हा जगाला वाटलं काय हा रुबाब! रुबाब कसला, रिकामा हात लोंबकळला की खांदा डुलतो, म्हणून बहुतेक पिस्तूलवाले तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. मुळात बायकांच्या पँटला खिसा असतो कुठे? नुसती वरून शिलाई मारलेली असते. मी नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट घालून जाते. ऑलिंपिकचं सोडा, आधी खिसे शिवा.

काकांना एवढं कुठून कळतं? स्वप्नील कुसाळेकडून. तो पॅरिसला ब्राँझ जिंकला तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता, म्हणजे घरचाच मुलगा. मी म्हटलं, त्याची रायफल, पन्नास मीटर, तीन पोझिशन. माझं पिस्तूल, दहा मीटर. काका म्हणाले, “रूळ तोच हो, डबा वेगळा.”

सरांचा सल्ला मात्र एका ओळीचा: घरी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून, छर्रा न भरता, रोज ट्रिगर दाबा. त्यात पोपट नाही, पदक नाही, सांगणाऱ्याला मजा नाही. म्हणूनच तो फुकट कुणी देत नसावं. पैसे भरूनही सर तोच देतात, याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.

तर मी फ्रंट साइट धरली, काळं धूसर होऊ दिलं, दाब वाढवत नेला. दहा! काका ताडकन उठले आणि खुर्च्यांकडे वळून ओरडले, “पोपट!” टाळ्या पडल्या. मागून एका मुलीची आई पुढे आली. मला ओलांडून काकांपाशी गेली.

“सर, तुम्ही बाहेर क्लास घेता का?”

“शनिवार-रविवार,” काका म्हणाले.