बाहेरून दर्शन बंद करा आता!

किती वेळा तेच ऐकायचं हो! युरोप टूरवरून आलेल्या कुणालाही विचारा, ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक म्हणजे गोल्डन रूफखाली उभं राहून फोटो, झालं, चला बसमध्ये. अहो, ते २,६५७ सोनेरी पत्र्यांचं छप्पर ज्या सम्राट माक्सिमिलियननं करवून घेतलं त्याचंच स्मारक तिथून चालत पाच-सात मिनिटांवर होफकिर्श चर्चमध्ये आहे, मधोमध रिकामी समाधी (त्याला पुरलंय दुसरीकडेच, व्हीनर नॉयश्टाटला) आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच असे ब्राँझचे २८ पुतळे, राजे, राण्या, चिलखतं, झग्यांवरची नक्षी, सगळं ओतीव! नजर हटत नाही. ते का नाही दाखवत या टूर कंपन्या? तर म्हणे वेळ नाही. आणि स्फटिकांच्या दुकानात अर्धा दिवस घालवायला वेळ कुठून येतो?

व्हिएन्नातही तीच गत. ब्रॉयगल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहेत, एवढ्या संख्येनं जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि ते म्युझियम कसं दाखवतात, तर बसच्या खिडकीतून, "डावीकडे बघा"! काय बघू, भिंत? झुरिचमध्ये रीटबर्ग म्युझियमला भारतीय लघुचित्रांचा इतका सुंदर संग्रह आहे, आपल्याच लोकांना तिथे नेत नाहीत, म्हणजे कमालच झाली! माणसं आयुष्यभराची पुंजी मोडून येतात हो, गुडघे दुखत असताना येतात, त्यांना नुसत्या भिंती दाखवून परत पाठवता? पैसे भरायच्या आधी विचाराच टूर कंपनीला, आत कुठे कुठे नेणार, आणि आतलं तिकीट त्या पैशात धरलंय का. लेखी घ्या.