घाट म्हणजे डोंगर नव्हे

'पश्चिम घाट म्हणजे पायऱ्यांसारखी दिसणारी डोंगररांग, म्हणून हे नाव' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर नव्हेच, डोंगरातून चढणारी-उतरणारी वाट. बोरघाट, थळघाट, वरंधा, कुंभार्ली या सगळ्या वाटाच. वाटेचं नाव अख्ख्या रांगेला चिकटवलं ते परक्यांनी. आपला शब्द सह्याद्री. घाटमाथा, घाटावरचे लोक हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत, त्यांचा अर्थ एकदा लावून बघा.

पायऱ्यांचं म्हणाल तर त्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाच्या, थरांच्या, आणि तेही आपल्याकडेच. दक्षिणेत खडकच वेगळा, रांगेतलं सर्वांत उंच शिखर, २६९५ मीटरचं अनाईमुडी, तिकडे केरळात. शिवाय इथे ही रांग कमी आणि दख्खनच्या पठाराची तुटलेली कड जास्त. खालच्या, कोकणाकडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढलो तेव्हा घामाघूम होऊन माथ्यावर पोचलो, आता पलीकडे उतरायचं या हिशेबाने पुढे गेलो तर समोर सपाटी, आणि जुन्नरहून गाडीने आलेली मंडळी निवांत फोटो काढतायत! (चरफडलो, खोटं कशाला सांगू.) तिथला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आणि गुहेतले सातवाहनांचे ब्राह्मी लेख पाहिले की घाट म्हणजे व्यापाराची वाट, हे वेगळं सांगावं लागत नाही.