‘तुमचं मूल दृश्य की श्राव्य?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला शिक्षकांच्या तीन ग्रुपवर आला, आणि चौथ्यांदा एका पालकाने पाठवला. मजकूर थोडक्यात असा: प्रत्येक मूल दृश्य (बघून शिकणारं), श्राव्य (ऐकून शिकणारं) किंवा कृतिशील (करून शिकणारं) यांपैकी एका प्रकारचं असतं. छोट्याशा चाचणीतून तो प्रकार कळतो. त्याप्रमाणे शिकवलं की मूल झपाट्याने शिकतं. मेंदूशास्त्राने हे सिद्ध केलं आहे. आणि वाचलेल्यातलं १० टक्के, ऐकलेल्यातलं २० टक्के, पण स्वतः केलेल्यातलं ९० टक्के लक्षात राहतं. शेवटी, ‘प्रत्येक शिक्षकापर्यंत पोहोचवा.’

मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. एका प्रशिक्षणात हेच ऐकलं, मनापासून पटलं आणि दोन वर्षं वर्गात राबवलंही. चाचणी घेतली, मुलांचे तीन गट केले, प्रत्येक पाठाचं तीन प्रकारे टाचण काढलं. म्हणून एकेक दावा नीट तपासून उत्तर द्यावंसं वाटतं.

‘प्रत्येक मूल एका प्रकारचं असतं.’

या विचाराचा सगळ्यात लोकप्रिय आराखडा नील फ्लेमिंग यांचा. ते न्यूझीलंडमध्ये शाळा-निरीक्षक होते. १९९२ मध्ये त्यांनी आणि कॉलीन मिल्स यांनी दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशी चार गटांची प्रश्नावली मांडली. अशा प्रश्नावल्यांमध्ये काय विचारतात? कुणाला पत्ता सांगायचा असेल तर नकाशा काढाल की बोलून सांगाल, अशा धर्तीचे प्रश्न. त्यातून कळते ती आवड. मुलाला काय आवडतं हे कळणं चांगलंच आहे, पण कशाने शिकता येतं हे त्यातून कळत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना व्हिडिओ आवडतात. व्हिडिओ संपल्यावर त्यात काय होतं ते विचारलं की गाणं आठवतं, मुद्दा आठवत नाही.

शिवाय आराखडा हा एकच नाही. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी अध्ययन शैलींचे, म्हणजे मुलांच्या शिकण्याच्या अशा ‘प्रकारांचे’, आराखडे मोजले, तर ७१ निघाले. मग मुलावर नेमका कुठला शिक्का मारायचा?

‘शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकतं.’

सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न विचारला, की हे खरं असेल तर पुरावा कसा दिसायला हवा? ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ मुलं घ्या. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना चित्रातून शिकवा, निम्म्यांना बोलून. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. ‘दृश्य’ मुलांना चित्रांनी आणि ‘श्राव्य’ मुलांना ऐकण्याने जास्त गुण मिळाले, तरच दावा खरा. असे अभ्यासच फार थोडे सापडले, आणि त्यातले अनेक दाव्याच्या विरुद्ध गेले. २०१५ मध्ये प्रौढांवर असाच एक प्रयोग झाला. काहींनी पुस्तकातला मजकूर ऐकला, काहींनी तोच पडद्यावर वाचला. कुणाची आवड कोणती, याचा आकलनाशी काही संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपापली शैली सांगण्यात आली. बहुतेकांनी त्याप्रमाणे अभ्यास केला नाही, आणि ज्यांनी केला त्यांचे गुणही जास्त आले नाहीत.

माझे डोळे मात्र या अभ्यासांनी उघडले नव्हते. ते एका कागदाच्या भाकरीने उघडले.

पाचवीचा वर्ग, अपूर्णांक. चाचणीत ‘कृतिशील’ ठरलेल्या गटाला मी गोल कागद दिले. त्यातला एक मुलगा हाताचा फार हुशार. सुतळीचा कसलाही गुंता सोडवायचा. त्याने एका भाकरीचे चार आणि दुसरीचे आठ भाग इतके नेटके केले, की घड्या एका रेषेत. मी समाधानाने पुढच्या गटाकडे वळले. तास संपताना फळ्यावर लिहिलं, १/४ मोठा की १/८? त्याने हात वर केला, “१/८, बाई. आठ मोठे ना!” दोन्ही भाकऱ्या तेव्हा त्याच्या हातातच होत्या.

घड्या त्याच्या हातांनी घातल्या होत्या, पण डोकं घडीत होतं, अपूर्णांकात नव्हतं. मी त्याला दोन्ही तुकडे एकावर एक ठेवायला लावले. काय दिसतं ते मोठ्याने सांगायला लावलं. थोडा थांबला आणि म्हणाला, “चौघांत वाटली तर मोठा तुकडा येतो, आठांत वाटली तर लहान.” मग वहीत आकृती, खाली आकडे. हात, डोळे, बोलणं आणि लिहिणं, चारही लागलं. बाकीच्या दोन गटांनाही तेच सगळं लागलं.

माध्यम ठरवतो तो विषय. महाराष्ट्राचा नकाशा ऐकून कुणाला कळेल? कोकण, सह्याद्री, पठार हा क्रम डोळ्यांसमोरच यायला हवा, सगळ्यांच्या. अभंगाची चाल कानातूनच येणार. दशांश चिन्ह कुठे द्यायचं हे लिहिल्याशिवाय बसत नाही.

‘मेंदूशास्त्राने सिद्ध केलं आहे.’

हे उलटं आहे. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची पाहणी झाली, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांचा या दाव्यावर विश्वास होता. संशोधकांनी तो मेंदूविषयीच्या गैरसमजांच्या यादीत ठेवला होता. मेंदूत पाहण्याचे आणि ऐकण्याचे भाग वेगळे आहेत हे खरं. पण ‘नदी’ म्हणजे काय हे आपण आवाज म्हणून किंवा चित्र म्हणून नव्हे, मुख्यतः अर्थ म्हणून लक्षात ठेवतो.

टक्क्यांचं तर सोडूनच द्या. ते आकडे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या ‘अनुभव शंकू’ या आकृतीला चिकटवले जातात. डेल यांच्या शंकूत एकही टक्का नव्हता.

‘नसेल सिद्ध, पण करून बघायला तोटा काय?’

मेसेज पाठवणाऱ्या पालकाने हेच विचारलं. वर पुस्ती होती, “तो दृश्य आहे बाई, त्याला वाचायला कमी द्या.” तोटा हाच आहे. ज्या मुलाला वाचन जड जातं त्यालाच वाचनाचा सराव जास्त हवा, आणि शिक्का नेमका तोच काढून घेतो.

मुलं वेगवेगळी असतात, याबद्दल माझं काहीच दुमत नाही. एकाच्या घरी पावरी बोलतात, शाळेतली मराठी त्याला नवी असते. एकीला फळा दिसत नाही, तिला चष्मा हवा. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा हवी. ही त्याची गरज आहे, आवड नव्हे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो त्याचा अधिकार आहे. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे कुणाला आधीचं किती येतं. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ उपक्रम चालवला. त्यात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणी रोज दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवायच्या. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले, मुलांचे गुण वाढले होते. तिथे गट केले ते कुणाला काय येतं यावरून.

मी आता तीन टाचणं काढत नाही. तो वाचलेला वेळ एका गोष्टीला देते. रोज तास सुरू होताना वह्या बंद, आणि काल काय शिकलो ते पाटीवर. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे जातात. ५६ टक्के विरुद्ध ४२.

त्या पालकांनाही मी हेच सांगितलं. रात्री जेवणं झाली की दप्तर बंद ठेवून त्याला आजचा धडा सांगायला लावा. अडला तरी तुम्ही सांगू नका. जरा थांबा, मग त्यालाच पुस्तक उघडून ते वाक्य शोधू द्या, आणि मोठ्याने वाचू द्या.